छप्पर पुन्हा पुन्हा गळते तेव्हा: पत्रा, कौले आणि स्लॅब यांची क्रमवार तपासणी

एकदा गळलेले छप्पर दुरुस्तीनंतर कायमचे थांबले, तर त्यावर लिहिण्यासारखे फारसे उरत नाही. हा मजकूर आहे तो दर वर्षी डागडुजी होऊनही पुढच्या पावसात त्याच खोलीत, बहुधा त्याच कोपऱ्यात, पुन्हा गळू लागणाऱ्या छपरांविषयी. अशी छपरे दुरुस्त करताना सतत दिसून येते की पत्रा, कौल किंवा काँक्रीट सपाट भागात क्वचितच दगा देते. पाणी शिरते ते सांध्यांतून, भोकांतून आणि कडांवरून, आणि त्यातली नेमकी कोणती जागा कच्ची ठरणार हे छपराच्या मालावर अवलंबून असते. म्हणून हाती सीलंटची नळी घेण्याआधी आपले छप्पर कशाचे आहे आणि ते कधी गळते, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत.

लक्षणे

पाऊस सुरू झाल्यावर काही मिनिटांतच थेंब पडू लागले आणि पाऊस थांबताच तेही थांबले, तर पाण्याला थेट वाट मिळाली आहे असे समजावे. पत्र्याचा सैल स्क्रू, फुटलेले किंवा सरकलेले कौल यांची शंका आधी घ्यावी. साध्या सरळ पावसात काही होत नाही, पण वाऱ्याबरोबर आलेल्या पावसात गळते, असे असेल तर पत्र्यांची एकमेकांवरची चढ, आढे किंवा भिंतीलगतचा सांधा तपासावा लागतो. केवळ मुसळधार पावसात गळणारे छप्पर बहुतेक वेळा गळत नसते, तुंबत असते. पाऊस थांबल्यावर काही तासांनी गळती सुरू होऊन दुसऱ्या दिवसापर्यंत चालू राहिली, तर पाणी स्लॅबवरच्या थरांत साठून सावकाश झिरपत आहे.

पाऊस नसतानाही ओल दिसत असेल तर वेगळा विचार करावा. पत्र्याच्या घरात पहाटे थेंब पडतात आणि ऊन चढल्यावर थांबतात, तेव्हा ते बहुधा हवेतले बाष्प असते. ओल ऋतू न पाहता कायम राहते, तेव्हा वरची टाकी, स्नानगृह किंवा भिंतीतला नळ यांच्याकडे पाहावे.

डागही बरेच काही सांगतात. एकात एक असलेल्या तपकिरी कडा म्हणजे तीच जागा अनेकदा भिजून वाळली आहे. छतावर पांढरे क्षार फुलले असतील तर पाणी सिमेंटमधून वाट काढत आले आहे. स्लॅबच्या खालच्या बाजूला सरळ रेषेत तांबूस डाग दिसले, तर आतल्या सळया गंजू लागल्या आहेत. हे शेवटचे लक्षण गंभीर आहे आणि त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

आधी बिनखर्चाची तपासणी

पहिली तपासणी वहीत करायची आहे. प्रत्येक गळतीची वेळ, पावसाचा जोर, वाऱ्याची दिशा आणि थेंब पडण्याची जागा दोन-तीन पावसांपुरती टिपून ठेवावी. ही नोंद नसेल तर दुरुस्ती म्हणजे अंदाज, आणि पुन्हा पुन्हा गळणाऱ्या घरांत अंदाज आधीच अनेकदा चुकलेला असतो. ओल दिव्याच्या, पंख्याच्या किंवा वायरिंगच्या जवळ असेल तर त्या भागाचा वीजपुरवठा मुख्य फलकावरून बंद करावा आणि मगच बाकीचे पाहावे. पीओपीचे छत पाण्याने फुगून खाली आले असेल तर त्याखाली उभे राहू नये.

बाष्पाची शंका दूर करणे सोपे आहे. हवेचे तापमान २५ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर सुमारे २१ अंशांच्या पृष्ठभागावर दव जमू लागते. निरभ्र रात्री उघडा पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी सहज थंड होतो, त्यामुळे त्याच्या खालच्या बाजूला थेंब धरतात. पाऊस नसलेल्या दोन-तीन पहाटे पत्र्याच्या खालून हात फिरवून पाहावा. संपूर्ण पत्रा सारखाच ओलसर लागला तर वरून काहीही लावून उपयोग नाही. स्वयंपाकाची वाफ आणि ओल्या कपड्यांचा दमटपणा बाहेर जाईल अशी वायुवीजनाची सोय करावी किंवा पत्र्याखाली उष्णतारोधक थर द्यावा. बाष्पाला गळती समजून दर वर्षी पत्र्यावर रंगाचे थर चढवणारी घरे आहेत, आणि तिथे पैसे जातात, थेंब राहतात.

नळाची शंका असेल तर घरातले सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा टिपावा आणि रात्रभराने पुन्हा पाहावा. मीटर नसेल तर टाकीत येणारे पाणी बंद करून तिच्या पातळीवर खूण करावी. पाणी न वापरता आकडा पुढे गेला किंवा पातळी उतरली, तर छपरावर चढण्याची गरज नाही, प्लंबर बोलवावा. ही कसोटी दाबाखाली असलेल्या नळांपुरती आहे. सांडपाण्याची नळी फुटली असेल तर ती यात सापडत नाही, कारण तिच्यात पाणी फक्त वापराच्या वेळी असते.

यानंतर साफसफाई. एका चौरस मीटरवर पडलेला १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या छपरावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ५,००० लिटर पाणी पन्हळीतून आणि उतरत्या नळांतून निघून जावे लागते. पन्हळीत पालापाचोळा साचला की हे पाणी मागे फुगते आणि पत्र्याच्या किंवा कौलाच्या खालून, म्हणजे ज्या बाजूने छपराला कोणतेच संरक्षण नाही त्या बाजूने, भिंतीवर येते. दोन पाखी आतल्या बाजूने मिळतात त्या घळीत कचऱ्याचा एक छोटा बांध झाला तरी हेच घडते. गच्चीवर पाणी बाहेर जाण्याच्या तोंडाची जाळी काढून नळीच्या आत हातभर तपासावे, कारण जाळी स्वच्छ आणि आतला वाक चोंदलेला असे चित्र नेहमी दिसते. मुसळधार पावसातच गळणाऱ्या छपरांची तक्रार बऱ्याचदा एवढ्यावरच मिटते.

आतून शोध

थेंब पडतो तिथेच वर भोक असेल, ही समजूत वारंवार होणाऱ्या गळतीचे मोठे कारण आहे. उतरत्या छपरात शिरलेले पाणी पत्र्याच्या खालच्या बाजूने, वाशावरून किंवा पर्लिनवरून, म्हणजे पत्र्याला आधार देणाऱ्या आडव्या दांड्यावरून, कित्येक फूट घरंगळत येते आणि अडथळा येईल तिथे खाली पडते. मग डागाच्या बरोबर वर सीलंट थापणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. भर दिवसा आतले दिवे मालवून खालून पाहावे. प्रकाशाचे ठिपके दिसले तर त्यांवर खडूने खूण करावी. नंतर विजेरी लाकडाला जवळजवळ समांतर धरून ओघळांच्या खुणा शोधाव्यात आणि त्यांच्या मागोमाग उताराच्या वरच्या दिशेने जावे. पाण्याची वाट नेहमी डागाच्या वर असते, त्यामुळे खालची बाजू सोडून दिली तरी चालते. खाली बंदिस्त छत असेल तर भिंतीपासून मोजलेली अंतरे वर नेऊन जागा ठरवावी.

मालानुसार तपासणी

येथून पुढे वर जावे लागते. छप्पर कोरडे असावे, खाली दुसरी व्यक्ती शिडी धरून असावी आणि शिडी वळचणीच्या कडेपेक्षा सुमारे एक मीटर वर गेलेली असावी. उतार तीव्र असेल, शेवाळ असेल किंवा विजेच्या तारा जवळून जात असतील तर ही तपासणी घरच्यांनी करू नये.

*धातूचा पत्रा.* पत्र्याचे मुख्य दुखणे त्याच्या स्क्रूंमध्ये असते. पोलाद तापल्यावर दर मीटरला दर अंशामागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. दुपार आणि रात्र यांच्यात पत्र्याच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर ६ मीटरचा पत्रा जवळजवळ ३ मिलिमीटर लांब-आखूड होतो, ॲल्युमिनियमचा असेल तर त्याच्या दुपटीच्या आसपास. ही हालचाल रोज होते आणि तिचा ताण स्क्रूच्या भोकावर येतो. भोक लंबगोल होते, स्क्रू सैल पडतो, आणि दरम्यान उन्हाने कडक झालेल्या रबरी वॉशरला भेगा पडतात. प्रत्येक स्क्रू हाताने हलवून पाहावा. वॉशर टोपीच्या कडेपर्यंत किंचित फुगलेला असणे योग्य. तो पूर्ण बाहेर आला असेल तर स्क्रू जास्त आवळला आहे आणि तोही गळणार. जास्त आवळणे हा दोष नवख्या कारागिरांच्या कामात फार दिसतो, कारण घट्ट म्हणजे पक्के असे त्यांना वाटते. सैल स्क्रू काढून त्याच जागी थोड्या मोठ्या व्यासाचा, ईपीडीएम रबराचा वॉशर असलेला स्क्रू बसवावा. जुन्या पद्धतीचे इंग्रजी J आकाराचे हुक असतील तर त्यांचे डांबरी वॉशर बदलावेत. नागमोडी पत्र्यात भोके उंचवट्यावरच हवीत, कारण पाणी वाहते ते खोलगट भागातून.

पत्र्यावर पत्रा जिथे चढतो तिथे उताराच्या दिशेने किमान १५० मिलिमीटर चढ असावी आणि उतार कमी असेल तर त्याहून अधिक. पुरेशी चढ असूनही गळत असेल तर दोन घट्ट चिकटलेल्या पत्र्यांच्या फटीत पाणी केशाकर्षणाने वर ओढले जात आहे. अशा ठिकाणी बाहेरून कडेला सीलंट फासणे निरुपयोगी असते. पत्रा उचलून मधे ब्यूटाइल रबराची चिकट पट्टी घालावी लागते. सीलंट वापरायचेच असेल तर आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन जस्ताच्या पत्र्यावर लावू नये. सुकताना त्यातून ॲसिटिक आम्ल सुटते आणि जस्ताचा लेप खाते. त्याऐवजी न्यूट्रल क्युअर असे लिहिलेले घ्यावे. पत्र्याच्या भोकात सिमेंटचा गिलावा भरणेही टाळावे, कारण ओल्या सिमेंटचा अल्क गुण जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्हींना मारक असतो. ड्रिलिंगनंतर पत्र्यावर पडलेला लोखंडी कीस झाडून काढला नाही तर वर्षभरात त्या जागी गंजाचे ठिपके उठतात, आणि मग पत्र्याला नावे ठेवली जातात.

पारदर्शक पॉलिकार्बोनेट पत्रा पोलादापेक्षा पाचपटीहून अधिक प्रसरण पावतो. त्याची भोके स्क्रूपेक्षा मोठी नसतील तर तो भोकाशीच तडकतो. मधे मधे बसवलेले असे पत्रे स्वतंत्रपणे तपासावेत.

*कौले.* खाचेच्या कौलात, म्हणजे ज्याला मंगलोरी कौल म्हणतात त्यात, बाजूच्या खाचा आत आलेले थोडे पाणी पुन्हा बाहेर नेण्यासाठी असतात. खाचेत माती आणि शेवाळ भरले की धडधाकट कौलही गळते, म्हणून फुटकी कौले शोधण्यापूर्वी खाचा कोरड्या ब्रशने साफ कराव्यात. नंतर सरकलेली कौले, मागचा दात तुटल्यामुळे रिपेवर न टिकणारी कौले आणि केसासारखी चीर गेलेली कौले पाहावीत. चीर डोळ्यांना दिसत नसली तर बोटाने टिचकी मारावी. चांगले कौल खणखणीत वाजते, चिरलेले बद वाजते. फुटलेले कौल सांधत बसू नये, बदलावे, आणि बदलताना त्याच साच्याचे घ्यावे. वेगळ्या साच्याच्या खाचा एकमेकींत बसत नाहीत आणि एका गळक्या कौलाऐवजी चार कौले उघडी पडतात. नळीच्या कौलांना खाचा नसतात. ती माकडांच्या किंवा वाऱ्याच्या धक्क्याने सरकतात आणि वेळोवेळी शाकारावीच लागतात. त्याला दोष म्हणता येत नाही.

आढ्यावरच्या कौलांखालच्या गिलाव्याला तडे जाणे हे वाऱ्याच्या पावसातल्या गळतीचे नेहमीचे कारण आहे. तडे वरवर लिंपण्यापेक्षा सुटलेला गिलावा काढून नव्याने भरावा. मात्र कौलांमधले सगळे सांधे सिमेंटने बुजवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, कारण त्यामुळे आत शिरलेले पाणी अडते, हवा खेळत नाही आणि खालच्या रिपा कुजतात. खाचेच्या बहुतेक मातीच्या कौलांना २५ ते ३० अंशांचा उतार लागतो. रिपा वाकून मधेच उतार कमी झाला असेल तर नवी कौलेही तिथे गळणारच, आणि ते काम सुताराचे आहे.

*सिमेंटचे पत्रे.* जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी असते. ॲस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांमुळे माणसाला कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. धोका पत्रा कापताना, घासताना, भोक पाडताना किंवा फोडताना उडणाऱ्या तंतूंचा असतो. असे पत्रे कोरडे खरवडू नयेत आणि दाबाच्या पाण्याने धुऊ नयेत. शिवाय ते ठिसूळ असतात. वरून भक्कम दिसणारा पत्रा माणसाच्या वजनाने एकदम फुटतो आणि अशा पडण्यात माणसे दगावतात. यात घरच्यांनी फक्त खालून पाहावे आणि पुढचे काम जाणकार ठेकेदाराकडे द्यावे.

*शिंगल आणि पाटीचा दगड.* डांबरी शिंगल म्हणजे वरून दाणे बसवलेल्या डांबराच्या पातळ पट्ट्या. त्यांवरचे दाणे पन्हळीत जमू लागले आणि कडा वळू लागल्या, तर ऊन थेट डांबराला लागत आहे आणि आयुष्य संपत आले आहे. एखाद-दुसरे शिंगल बदलता येते. पाटीचा दगड शंभर वर्षेही टिकतो, पण त्याचे खिळे आधी गंजतात. बऱ्याच पाट्या एकाच वेळी घसरू लागल्या तर दोष खिळ्यांचा असतो आणि चांगल्या पाट्या उतरवून पुन्हा वापरता येतात.

सांधे आणि पाण्याच्या नळीची चाचणी

छप्पर भिंतीला भिडते तिथे, धुराड्याभोवती आणि छपरातून वर आलेल्या नळ्यांभोवती धातूची जी पट्टी बसवतात ती फ्लॅशिंग. तिची वरची कड भिंतीत खाच पाडून आत घातलेली असावी. नुसती भिंतीवर चिकटवून वरून सीलंट लावलेली पट्टी एक-दोन उन्हाळ्यांत सुटते, आणि दर वर्षी त्याच जागी गळणाऱ्या घरांत हेच सर्वाधिक आढळते. सुटलेल्या पट्टीवर नवे सीलंट चढवणे म्हणजे पुढच्या वर्षीचे काम ठरवून ठेवणे होय.

एवढे करूनही जागा सापडली नाही तर पाण्याच्या नळीने कृत्रिम पाऊस पाडावा. एकाने आत बसावे, दुसऱ्याने वळचणीपासून सुरुवात करून एकेक पट्टा दहा-पंधरा मिनिटे भिजवत वर जावे. वरून सुरुवात केली तर पाणी खालच्या सगळ्या सांध्यांवरून वाहते आणि नेमका कोणता गळला ते कळत नाही. नळीचा झोत उताराच्या विरुद्ध, कौलांच्या किंवा पत्र्यांच्या पोटात मारू नये. तसे केल्यास निर्दोष छप्परही गळते.

स्लॅब

स्लॅबची तपासणी शेवटी ठेवली आहे, कारण ती अवघड आणि खर्चाची आहे. पाऊस थांबल्यावर तासाभराने गच्चीवर जाऊन डबकी कुठे साचतात ते खडूने आखावे. पाणी निघून जाण्यासाठी सुमारे १०० ला १ तरी उतार असावा लागतो. नंतर कठडा आणि गच्ची यांच्या कोनातली गोलाई पाहावी, जिला गवंडी वाटा म्हणतात. कठडा आणि स्लॅब वेगवेगळे हलतात, त्यामुळे चीर तिथेच पडते. छताच्या कडेने येणाऱ्या ओलीचे मूळ बहुतेक वेळा तिथे किंवा पाणी बाहेर नेणाऱ्या नळीभोवतीच्या गिलाव्यात सापडते. गच्चीवर लाकडी दांड्याने हलके ठोकत जावे. पोकळ आवाज आला तिथे वरचा थर सुटला आहे आणि त्याखाली पाणी साठते.

शंका पक्की करण्यासाठी पाणी बाहेर जाण्याची तोंडे बंद करून गच्चीवर २५ मिलिमीटर पाणी २४ तास भरून ठेवतात. त्याचा भार प्रत्येक चौरस मीटरला २५ किलो होतो. छताखाली तडे, झोळ किंवा सुटलेले काँक्रीट दिसत असेल तर ही चाचणी मुळीच करू नये.

जलरोधक लेप लावण्याआधी स्लॅब वाळला आहे का हे पाहणे बहुतेक जण टाळतात. सुमारे अर्धा मीटर चौरस प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी त्याखाली थेंब दिसले तर आत पाणी आहे. तशात लेप लावला तर उन्हात त्याची वाफ होऊन लेपाला फोड येतात आणि पुढच्या पावसात तो सोलला जातो. लेप दर वर्षी फसतो तेव्हा दोष लेपाच्या कंपनीचा आहे असे मानण्याआधी ही चाचणी करावी. जुना कोबा, म्हणजे गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा जाड थर, न काढता त्यावर नवा कोबा घालणेही थांबवावे. १०० मिलिमीटरच्या कोब्याचा भार प्रत्येक चौरस मीटरला दीडशे किलोंहून अधिक होतो, आणि स्लॅब आखताना तो धरलेला असेलच असे नाही.

कुठे थांबावे

छतातून काँक्रीटचे ढपले पडत असतील किंवा सळया उघड्या दिसत असतील तर घरगुती उपाय तिथेच थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. ताज्या काँक्रीटच्या तीव्र अल्क गुणामुळे सळ्यांवर संरक्षक थर राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल आत पोहोचली की तो थर जातो, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा व्यापत काँक्रीट आतून फोडतो. अशा जागी गिलावा करून रंग देणे म्हणजे गंज झाकून वाढू देणे. छताला झोळ आला असेल, आढे मधे वाकले असेल, वाशात किंवा पर्लिनमध्ये स्क्रूड्रायव्हर सहज घुसत असेल, विजेच्या फिटिंगमधून पाणी येत असेल किंवा पत्रे ॲस्बेस्टॉसचे असण्याची शंका असेल, तरीही हाच निर्णय घ्यावा. नळीच्या चाचणीत काहीच सापडले नाही आणि नोंदवहीतली गळती मात्र चालूच आहे, तर तेही बाहेरचा माणूस बोलवण्यास पुरेसे कारण आहे.

येणाऱ्या माणसाला वही, खडूच्या खुणांची छायाचित्रे आणि आधी काय काय लावले याची यादी द्यावी. जुन्या सिलिकॉनवर बहुतेक नवे लेप धरत नाहीत, त्यामुळे ही यादी त्याच्या फार कामाची असते. पाणी कुठून शिरते ते दाखवून मगच दर सांगेल अशा माणसाला काम द्यावे. खालून डाग पाहून संपूर्ण छप्पर बदलण्याचा दर सांगणाऱ्याला परत पाठवावे. दुरुस्तीनंतर तीच नळीची किंवा पाणी भरण्याची चाचणी त्याच्यासमोर पुन्हा करून घ्यावी, आणि आतला रंग मात्र डागाची जागा हाताला पूर्ण कोरडी लागून एक-दोन चांगले पाऊस झाल्यावरच द्यावा.